पहिली रात्र आणि तुसावरचे दोन इंच : हिवाळ्यात १०० पिलांचं ब्रूडिंग (कृत्रिम ऊब देऊन सांभाळ)

कोंबडीची एकदिवसीय पिलं आणली की मरतूक सुरू होते ती बहुधा चौथ्या-पाचव्या दिवशी. आधी एखाद-दुसरं जातं, मग एकदम रोज पाच-सहा. घाबरून दुकानातून अँटिबायोटिकची पुडी येते, पाण्यात पडते, आणि आठव्या-नवव्या दिवशी मरतूक थांबली की औषधाला गुण आला असं म्हटलं जातं. हिवाळ्यात आलेल्या गटात ही मरतूक पुष्कळदा पहिल्या रात्रीच ठरलेली असते. कमजोर झालेली पिलं संपली, म्हणून ती थांबते.

कारण साधं आहे. अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिलू उरलेलं बलक पोटात ओढून घेतं. हा शिधा त्याला दोन-तीन दिवस पुरतो, म्हणून तर हॅचरीतून, म्हणजे उबवणी केंद्रातून, खोक्यात घालून पिलं दूरदूर पाठवता येतात. पिलू गारठलं की दोन गोष्टी एकदम बिघडतात. पोटातलं बलक नीट जिरत नाही, आणि पिलू दिव्याखाली दाटीत बसून राहतं, खाद्यापर्यंत जातच नाही. शिधा संपतो तेव्हा ते खायला शिकलेलं नसतं. मेलेलं पिलू फाडून पाहिलं तर सगळं समोर दिसतं : गळ्याखालची अन्नाची पिशवी रिकामी, दाणे दळणाऱ्या पेटीत (गिझर्डमध्ये) तुसाचे दोन कण, किंवा पोटात पिवळ्या-हिरवट बलकाचा घाण वासाचा गोळा. पाचव्या दिवशी बलक फार तर हरभऱ्याएवढं उरायला हवं. तसं फाडून पाहिल्याशिवाय औषध आणायला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. बेंबी ओली, काळपट आणि पोट फुगलेलं असेल तर मात्र तो बेंबीचा संसर्ग. त्याचं मूळ उबवणीच्या स्वच्छतेतही असू शकतं, आणि तेव्हा पशुवैद्यकाला दाखवलंच पाहिजे.

इथे गिरिराज, वनराज, कावेरी किंवा गावरान अशा जातींच्या १०० पिलांचा विचार केला आहे. सरकारी योजनेतला एकदिवसीय पिलांचा गटही १००चाच असतो आणि हॅचरीचं एक खोकंही १०० पिलांचंच : आत चार कप्पे, प्रत्येकात २५. म्हणून हाच आकडा धरून मापं दिली आहेत. जागा म्हणजे पत्र्याचं साधं शेड, आणि महिना डिसेंबर-जानेवारीचा, जेव्हा निफाडकडे पहाटेचा पारा दहा अंशांच्या बराच खाली जातो.

खुडूक कोंबडी दहा-बारा पिलं पोटाखाली घेते, पण ती त्यांना सतत शेकत नाही. पिलं बाहेर पळतात, टिपतात, गारठली की परत आत शिरतात. ब्रूडरने, म्हणजे ऊब देणाऱ्या मांडणीने, नेमकं हेच द्यायचं असतं : एक गरम जागा, तिच्याभोवती कमी गरम जागा, आणि त्या दोन्हींमध्ये ये-जा करायची मोकळीक. अख्खं शेड ३५ अंशांवर नेणं हे ब्रूडिंग नव्हे. त्यात विजेचं बिल वाढतं आणि पिलं धापा टाकतात. उलट शेडची हवा गरम लागते आणि पिलं गारठलेली असतात, असंही होतं, कारण पिलू राहतं जमिनीपासून दोन इंचांवर. आपण उभे असतो पाच फुटांवर. तिथली ऊब पिलाच्या काही कामाची नाही.

म्हणून सुरुवात जमिनीपासून. सिमेंटचा कोबा डिसेंबरात रात्रभर पिलांच्या पायांतून आणि पोटातून ऊब ओढत राहतो. त्यावर भाताचं कोरडं तूस उन्हाळ्यात दोन इंच चालतं, हिवाळ्यात तीन ते चार इंच हवंच. पिलांच्या सुरुवातीच्या पाच फुटी गोलाला साधारण सहा घनफूट तूस लागतं. तूस आधी दोन दिवस उन्हात वाळवावं, आणि मुठीत दाबून पाहावं : मूठ उघडल्यावर गोळा राहिला तर ते अजून ओलं आहे. कोंदट वासाचं, बुरशी आलेलं तूस स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, त्यातून फुप्फुसाची बुरशी होते आणि तिच्यावर उपाय नाही. शेंगांची टरफलं जाडसर फोडून चालतात. सुतारकामाचा बारीक भुसा पहिल्या आठवड्यात नको, पिलं तो खाद्य समजून खातात.

तुसावर पहिले तीन दिवस कागद अंथरायचा, म्हणजे पिलं तूस टिपत नाहीत आणि कागदावर पसरलेलं खाद्य त्यांना दिसतं. वर्तमानपत्राचा गुळगुळीत एकच थर मात्र घातक. त्यावर पाय घसरतात, दोन्ही मांड्या बाजूला फाकतात आणि पिलू कायमचं लंगडं होतं. खोक्याच्या पुठ्ठ्याची खरखरीत बाजू किंवा जाड खाकी कागद वापरावा. चार थर घालून रोज वरचा एक काढून टाकला की काम सोपं होतं.

भोवती चिक गार्ड, म्हणजे पिलांना आत ठेवणारं गोल कुंपण. पत्रा, पुठ्ठा, बांबूची तट्टी, काहीही चालतं, उंची दीड फूट. १०० पिलांना पाच फूट व्यासाचा गोल सुरुवातीला बरोबर बसतो. त्याला १६ फूट लांबीची पट्टी लागते, पण घेताना २५ फूट घ्या. जास्तीची लांबी एकावर एक चढवून क्लिपने बांधून ठेवायची आणि चौथ्या दिवसापासून थोडी थोडी सोडत जायची. पूर्ण उघडल्यावर आठ फुटांचा गोल होतो, म्हणजे पिलामागे अर्धा चौरस फूट जागा. गोलच का, तर कोपरा असला की गारठलेली किंवा घाबरलेली पिलं त्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. खोलीच्या कोपऱ्यात किंवा चौकोनी खोक्यात पिलं ठेवायचीच असतील तर पुठ्ठा वाकवून चारही कोपरे गोल करून घ्या.

आता उष्णता. हिवाळ्यात पिलामागे तीन वॅट धरावेत, उन्हाळ्यात एक ते दीड पुरे. म्हणजे १०० पिलांना ३०० वॅट. तारेचे १०० वॅटचे तीन पिवळे बल्ब वेगवेगळ्या होल्डरवर लावणं हे एका मोठ्या दिव्यापेक्षा चांगलं, कारण एक गेला तरी रात्र निभते. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही. तो उजेड देतो, ऊब देत नाही, आणि दुकानदार ‘१०० वॅटच्या बरोबरीचा’ म्हणून देतो तो प्रत्यक्षात दहा-बारा वॅटच खातो. पिवळे बल्ब आता सगळीकडे मिळत नाहीत. मग इन्फ्रारेड दिवा घ्यावा, किंवा उजेड न देणारा सिरॅमिकचा हीटर. २५० वॅटचा इन्फ्रारेड दिवा हवा फारशी तापवत नाही, पिलाला आणि तुसाला थेट तापवतो, म्हणून उघड्याबोडक्या शेडमध्ये तोच जास्त कामाचा. पण दिवा एकच आणि उडाला की सगळं संपलं. दुसरा दिवा घरात हवाच, नाहीतर दीडशे वॅटचे दोन लावावेत.

साध्या बल्बांवर पत्र्याचं छत्र हवं, नाहीतर निम्मी ऊब छताकडे जाते. साधे बल्ब पहिल्या आठवड्यात तुसापासून १२ ते १५ इंचांवर, इन्फ्रारेड दिवा १८ ते २४ इंचांवर. होल्डर चिनी मातीचे घ्या. प्लास्टिकचा होल्डर या उष्णतेने मऊ पडतो आणि बल्ब तुसात गळून पडतो. ब्रूडरच्या आगी बहुतेक अशाच लागतात. दिवा वायरवर लोंबकळत ठेवू नका. वर आडवा बांबू टाकून साखळीला अडकवा, म्हणजे दर आठवड्याला एक-दोन कड्या वर घेता येतात. बांबूच्या डालग्यात बल्ब लावून ते पिलांवर उपडं घालायची पद्धत खेड्यात आहे. ऊब छान धरते, पण बल्ब आणि बांबूमध्ये वीतभर अंतर नसेल तर करू नये.

३०० वॅट चोवीस तास म्हणजे रोजचे सव्वासात युनिट. दुसऱ्या आठवड्यापासून दुपारी दिवे बंद राहतात, त्यामुळे खर्च कमी होतो.

थर्मामीटर भिंतीवर टांगलेला नको. दिव्याच्या उजेडाच्या कडेला, तुसापासून दोन इंच वर, म्हणजे पिलाच्या पाठीच्या उंचीला. तिथे पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस हवं. पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी : दुसऱ्यात ३२, तिसऱ्यात २९, चौथ्यात २६. गोलाच्या कडेला त्याहून सहा-सात अंश कमी असलं तरी बिघडत नाही, उलट तसंच हवं. गावरान किंवा कडकनाथचं अंडं लहान, म्हणून पिलूही लहान. तीस ग्रॅमचं पिलू चाळीस ग्रॅमच्या पिलापेक्षा लवकर गार होतं. अशा गटाला पहिले तीन-चार दिवस एखादा अंश जास्त ठेवावा.

दिवे पिलं येण्याआधी २४ तास लावायचे. ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. पिलं आल्यावर दिवा लावला की हवा अर्ध्या तासात तापते, पण तूस आणि खालचा कोबा तापायला रात्र जाते, आणि ती रात्र पिलं गार गादीवर काढतात. पिलं सोडण्याआधी तुसात हात खुपसून पाहा. वरचा थर कोमट आणि तळ थंड लागला तर अजून वेळ आहे.

पिलं आली की खोकी एकावर एक रचून ठेवू नयेत, लगेच सोडावीत. आधी पाणी, मग खाद्य. पाणी थंड नको, कोमट हवं. लांबच्या प्रवासाने पिलं सुकली असतील, पायांवरची कातडी कोरडी आणि शिरा वर आलेल्या दिसत असतील, तर पहिल्या पाण्यात लिटरला ५० ग्रॅम गूळ विरघळवावा. पण तो चार-पाच तासच. दिवसभर गूळपाणी ठेवलं तर विष्ठा पातळ होते आणि भांड्याला मुंग्या लागतात. आठ-दहा पिलांच्या चोची हलकेच पाण्यात बुडवल्या की बाकीची बघून शिकतात. १०० पिलांना एक-दीड लिटरची दोन-तीन भांडी पुरतात. उघडी थाळी ठेवायची वेळ आली तर तिच्यात खडे घाला, नाहीतर पिलं भिजतात, आणि भिजलेलं पिलू हिवाळ्यात वाचवणं अवघड.

खाद्य पाण्यानंतर दोन-तीन तासांनी. पहिल्या दिवशी मक्याचा बारीक भरडा कागदावर आणि उथळ ट्रेमध्ये टाकावा. त्याने विष्ठा घट्ट राहते आणि शेपटीखाली चिकटत नाही. दुसऱ्या दिवसापासून वीस-एकवीस टक्के प्रथिनांचं चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिलांचं तयार खाद्य. नुसत्या मक्यावर चार-पाच दिवस काढणारे पुष्कळ आहेत. त्याने पिसं उशिरा येतात आणि ऊब पुढे जास्त दिवस द्यावी लागते, म्हणजे वाचवलेले पैसे विजेत जातात. देशी जातीची १०० पिलं पहिल्या आठवड्यात साधारण सहा ते आठ किलो खाद्य खातात. पाण्याची आणि खाद्याची भांडी आलटून-पालटून मांडावीत, पण नेमकी दिव्याखाली नकोत : तिथलं पाणी तापतं आणि पिलं ते पीत नाहीत.

संध्याकाळी, पिलं सोडून आठ-दहा तास झाल्यावर, दहा-पंधरा पिलं हातात घ्या आणि गळ्याखाली बोटाने चाचपा. पिशवी भरलेली आणि मऊ लागली तर खाणं-पिणं दोन्ही चालू आहे. भरलेली पण टणक लागली तर पाणी कमी पडतंय. दहातली आठ तरी भरलेली हवीत. मग पिलाचे पाय आपल्या गालाला लावा. पाय थंड लागले तर थर्मामीटर काहीही सांगो, पिलू गारठलेलं आहे. पिशवी कमी भरलेली पिलं वेगळी काढून दिव्याजवळ, पाण्याशेजारी ठेवावीत. एवढ्याने त्यातली बरीच वाचतात.

यापुढे पिलांची भाषा वाचायला शिकायचं. सगळी दिव्याखाली गच्च, तार स्वरात चिवचिवाट : थंडी, दिवा खाली घ्या. सगळी कडेला गार्डला चिकटलेली, चोच उघडी, पंख सोडलेले, आवाज जवळजवळ नाही : उष्णता जास्त, दिवा वर घ्या. एकाच बाजूला अर्धचंद्रात दाटली असतील तर तापमानाला हात लावू नका, समोरच्या बाजूने वारा येतोय, तो शोधा. तिथे अगरबत्ती धरली की धुराची दिशा फट दाखवते. आणि सगळीकडे विखुरलेली, काही खातायत, काही पाय पसरून झोपलेली, बारीक समाधानी आवाज, असं दिसलं तर काहीही करू नये. हे पाहणं दुपारी करून उपयोग नाही. रात्री दहाला आणि पहाटे चारला पाहायचं. सूर्योदयाआधीचे दोन तास सर्वांत थंड असतात, आणि संध्याकाळी बरोबर लावलेला दिवा तेव्हा अपुरा पडतो.

वीज हा हिवाळ्यातला खरा धोका आहे. शेतातल्या शेडला शेतीच्या फीडरची जोडणी असेल तर थ्री-फेज ठरावीक तासच मिळते, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांसाठी ब्रूडर गावठाणात, घराच्या पडवीत किंवा जुन्या खोलीत लावावा, असं आम्ही सांगू. वीज गेली की उष्णतेआधी अंधार घात करतो. चोवीस तास उजेडाची सवय झालेली पिलं अंधार झाला की ढीग करतात. त्यासाठी तिसऱ्या दिवसापासून रोज रात्री अर्धा ते एक तास, आपण समोर असताना, दिवे मुद्दाम बंद करून सवय लावावी. शिवाय बॅटरीवरचा छोटा एलईडी टांगून ठेवावा. इथे मात्र तो कामाचा, ऊब देत नसला तरी अंधार होऊ देत नाही.

उबेसाठी पर्याय : एक लिटरच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, गोणपाटात गुंडाळून, गोलात चार-पाच ठिकाणी आडव्या ठेवायच्या. दोन तास निभतात, मग पाणी बदलायचं. गोलावर गोणपाट टाकायचं, पण पाव भाग उघडा ठेवून. वीज आल्यावर ढीग हाताने पसरावा लागतो, खालची पिलं आपोआप बाहेर येत नाहीत.

कोळशाची शेगडी बरेच जण वापरतात आणि ती कामाची आहे, पण निखारे बाहेर पूर्ण लाल करून, धूर संपल्यावरच आत आणायचे, वर राखेचा थर द्यायचा आणि शेगडीभोवती जाळी उभी करायची. पडदे पूर्ण लावून शेगडी ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही. सकाळी पिलं शांत झोपल्यासारखी मेलेली सापडतात, आणि त्या शेडमध्ये झोपलेल्या माणसाचाही जीव जाऊ शकतो. धुराडं बाहेर काढलेली बुखारी त्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित.

पडद्याबद्दल एक गोष्ट. वरून खाली सोडलेला पडदा उघडला की गार हवा थेट पिलांवर पडते. पडदा तळाशी पक्का बांधून वर ओढायचा, म्हणजे उघडी जागा वरच राहते. हिवाळ्यातही रात्री वरची सहा इंच ते फूटभर फट उघडी हवी. ती बंद केली की ओल आणि अमोनिया साचतो, पहाटे पत्र्याखाली दव धरून थेंब तुसावर पडतात आणि गादी ओली होते. पत्र्याखाली, जमिनीपासून पाच-सहा फुटांवर, ताडपत्रीचं खोटं छत बांधलं तर थेंबही अडतात आणि ऊबही खाली राहते. अमोनिया तपासायचा असेल तर गोलाशेजारी गुडघ्यांवर बसून तोंड पिलांच्या उंचीला न्या. दोन मिनिटांत डोळे चुरचुरले तर पिलं चोवीस तास तेच सोसतायत. पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढून टाकावं आणि भांडी विटेवर ठेवावीत. ओली आणि उबदार गादी म्हणजे पुढे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रक्ती हगवण.

शेपटीखाली विष्ठा वाळून चिकटलेली दिसली तर ओढून काढू नका, कातडी निघते. कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून सैल करा, पुसून कोरडं करा. एक-दोन पिलांत हे चालायचंच. दहा-पंधरांत दिसलं तर उष्णतेचं काहीतरी चुकलंय, कमी तरी आहे किंवा जास्त तरी.

कोकणात प्रश्न पाऱ्यापेक्षा ओलीचा असतो, तिथे तूस रोज हलवणं दिव्याइतकंच महत्त्वाचं. विदर्भात मे महिन्यात तर दिवसा दिवे लागतच नाहीत, पारा ४२च्या पुढे गेल्यावर पिलांना गार ठेवणं हेच ब्रूडिंग. घूस, मांजर आणि मुंगूस मात्र सगळीकडे सारखेच. रात्री पिलं कमी भरली आणि मेलेलं एकही सापडलं नाही, तर आधी बिळं शोधा आणि अर्ध्या इंचाची जाळी लावा.

दिवे काढायची वेळ दिनदर्शिकेवर ठरवू नका, पाठीवर पाहा. लव जाऊन पाठ आणि छाती पिसांनी झाकली की पिलू आपली ऊब धरू शकतं. हिवाळ्यात देशी पिलांना त्याला चार आठवडे लागतात, उन्हाळ्यात दोन-अडीच. आधी दुपारचे दिवे बंद, मग दिवसभराचे, मग रात्री तीनऐवजी दोन, मग एक. त्या एका दिव्यावर दोन-तीन रात्री पिलं पसरून झोपली तर तोही बंद करावा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी असते, गंबोरो या विषाणूजन्य रोगाची चौदाव्याच्या आसपास, लासोटाचा दुसरा डोस चौथ्या आठवड्यात. लस दिल्यावर दोन दिवस दिवा एक कडी खाली घ्यावा, आणि त्याच आठवड्यात ऊब तोडणं, खाद्य बदलणं, जागा बदलणं यातलं काही करू नये. शेवटचा दिवा बंद केल्यानंतरही आठवडाभर तो टांगलेलाच राहू द्या. जानेवारीत उत्तरेकडून गार वारा सुटला की पाच आठवड्यांची पिलंसुद्धा रात्री ढीग करतात, आणि तेव्हा पहाटे तीन वाजता अंधारात होल्डर शोधावा लागू नये.